पोंगा पंडित

छत्तीसगढच्या नाचा या लोकनाट्यातील प्रहसन. दुसरे नाव ‘जमादारिन’. सुखराम व सीताराम या नाचा-कलावंतांनी ते १९३० च्या दशकात रचले. विषय विटाळाचा: झाडलोट करणारी जमादारीण देवळात पाऊल टाकते आणि लोभी पंडिताची त्रेधा उडते.

नाचा रात्रभर रंगतो. पडदा नसतो, छापील संहिता नसते. परंपरेने स्त्री-भूमिकाही पुरुषच करतात. त्यातला विनोदवीर म्हणजे ‘जोक्कड’. ऐन वेळी सुचेल ते तो बोलतो, समोरच्या गावकऱ्यांनाही सोडत नाही. गवळणीत कृष्णाशी हुज्जत घालणारी मावशी आणि सत्यशोधकी जलशात भटजीची फजिती करणारे सोंग हे त्याचे मराठी भाऊबंद. देवाधर्माची थट्टा इथे बाहेरून आलेली नाही. ती भाविकांनीच आपल्या ओसरीवर जपली आहे.

प्रहसनाला देशभर नेले हबीब तन्वीर (१ सप्टेंबर १९२३ – ८ जून २००९) यांनी. त्यांचा जन्म रायपूरचा. तिथल्या बैजनाथपारा मोहल्ल्यात त्यांचे घर. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते पदवीधर झाले. १९५९ साली स्थापलेल्या ‘नया थिएटर’मध्ये त्यांनी मदन निषाद, ठाकूरराम, भुलवाराम, लालूराम, फिदाबाई असे नाचाचे कसलेले कलावंत आणले आणि त्यांना त्यांच्याच छत्तीसगढीत बोलू दिले.

बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर हिंदुत्ववादी संघटनांनी प्रयोग उधळायला सुरुवात केली. २००३ च्या मध्य प्रदेश दौऱ्यात ठिकठिकाणी पुन्हा तेच घडले. प्रहसन हिंदू कलावंतांनी रचलेले, करणारेही बहुतेक हिंदू, आणि कित्येक दशके गावोगाव ते बिनबोभाट चाललेले. तन्वीरही ते आधीपासून करत आले होते. बदलली होती ती हवा, आणि नजर गेली होती दिग्दर्शकाच्या मुस्लिम नावावर. हा धर्मभावनेचा प्रश्न होता असे म्हणणे म्हणूनच पटत नाही. विनोद तोच राहिला, तो करण्याचा हक्क कुणाला, यावर भांडण होते.

तन्वीर यांच्या निधनाच्याच वर्षी छत्तीसगढ सरकारने त्यांच्या ‘चरणदास चोर’ (१९७५) या नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली. या वेळी आक्षेप सतनामी समाजातून आला होता. तो पोंगा पंडिताच्या बाजूचा नव्हता. शतकानुशतके विटाळ सोसलेल्या लोकांचा होता, आणि नाटकात त्यांच्याच पंथी गीत-नृत्याचा वापर होता.