अनुवाद आधी, मूळ नंतर

१९९७ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत ‘टॉर्न’ हे गाणे दुसऱ्या क्रमांकावर होते. गायिका नॅटली इम्ब्रुलिया मूळची ऑस्ट्रेलियन. ‘नेबर्स’ या ऑस्ट्रेलियन मालिकेमुळे ब्रिटिश प्रेक्षकांना तिचा चेहरा ठाऊक होता, पण गायिका म्हणून हे तिचे पहिलेच सिंगल. गाणे लोकप्रिय झाले आणि पाठोपाठ कुजबुजही सुरू झाली : गाणे तिचे नाही, ते आधीच कोणीतरी गायलेले आहे. ‘कव्हर’ हा संगीतव्यवसायातला साधा पारिभाषिक शब्द. तो आरोपासारखा वापरला जाऊ लागला.

मग मूळ कोणाचे? प्रश्न सोपा वाटतो. उत्तर शोधू लागलो की अनुवादकाला गंमत वाटेल अशा ठिकाणी पोचतो. ‘टॉर्न’ची पहिली ध्वनिमुद्रिका इंग्रजीत नव्हतीच. ती डॅनिश भाषेत होती आणि ती अनुवाद होती.

गाणे रचले तिघांनी : अॅन प्रेवेन, स्कॉट कटलर आणि फिल थॉर्नली. प्रेवेन आणि कटलर लॉस एंजेलिसचे, एडनास्वॉप या रॉक बँडमधले. थॉर्नली इंग्रज, ध्वनिमुद्रणाच्या कामातून वर आलेला, मध्यंतरी ‘द क्युअर’ या बँडमध्ये बास गिटार वाजवलेला. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला गाणे तयार होते, पण बाजारात त्याची इंग्रजी ध्वनिमुद्रिका नव्हती. अशी तयार गाणी गीतकारांच्या प्रकाशकांमार्फत देशोदेशी फिरत असतात, नवा अल्बम करू पाहणाऱ्या गायकांच्या हाती पडत असतात. १९९३ मध्ये लिस सोरेन्सन या डॅनिश गायिकेने ते गायले. डॅनिश शब्द एलिझाबेथ गेर्लुफ निल्सन यांचे आणि शीर्षक ‘ब्रेंट’.

या शीर्षकापाशी थोडे थांबायला हवे. ‘टॉर्न’ म्हणजे फाटलेली. ‘ब्रेंट’ म्हणजे पोळलेली, जळालेली. डॅनिशमध्ये फाटण्याला शब्द नाही असे नाही. तरीही अनुवादिकेने कापड सोडून आग का घेतली असावी? माझा तर्क असा. गाण्याच्या अनुवादात अर्थाच्या आधी चाल येते. चालीवर शब्द बसवणे म्हणजे काय, हे संगीत नाटकाच्या वाचकाला सांगायला नको. आपल्या जुन्या नाट्यपुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल – अमुक’ असे छापलेलेच असे. इंग्रजी शीर्षक एका अक्षराचे, ठोक्यावर पडणारे. डॅनिश शीर्षकही उच्चारात एकाच अक्षराचे. व्याकरणाने दोन्ही भूतकाळवाचक विशेषणे. घडायचे ते घडून गेले आहे आणि आता उरली आहे ती फक्त अवस्था. शिवाय पोळलेले मूल आगीपासून दूर राहते अशी म्हण डॅनिशमध्ये आहे. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पिणाऱ्या आपल्या माणसाची ती बहीणच. म्हणजे ‘ब्रेंट’ म्हटले की तिथल्या श्रोत्याला प्रेमात एकदा हात भाजून घेतलेली व्यक्ती आपोआप दिसते. प्रतिमा बदलली, पण तिचे काम तेच राहिले.

हे शीर्षक मराठीत आणायचे म्हटले तर मी अडखळतो. ‘फाटलेली’ म्हटले की आपल्याकडे दारिद्र्य डोळ्यांपुढे येते. ‘विदीर्ण’ हे कुणी बोलत नाही. ‘उसवलेली’ जवळ जाते, पण उसवलेले पुन्हा शिवता येते. ‘दुभंगलेली’ कदाचित, पण पाच अक्षरे त्या एका ठोक्यावर कशी मावणार? असा सगळा हिशेब निल्सन यांनीही केला असणार. पुढे गाणे जगभर गाजले, त्या कहाणीत मात्र त्यांचे नाव बहुधा एखाद्या उपवाक्यात येते.

एडनास्वॉपने आपले गाणे स्वतःच्या अल्बममध्ये आणले ते १९९५ मध्ये, डॅनिश मुद्रिकेनंतर दोन वर्षांनी. त्यांचे ‘टॉर्न’ जड, खरखरीत, विद्युत गिटारींच्या ओझ्याखालचे आहे आणि प्रेवेनच्या आवाजात चीड आहे. ते फारसे चालले नाही. १९९६ मध्ये ट्रिने राइन या नॉर्वेजियन गायिकेने इंग्रजीतच ते गायले. अखेर थॉर्नलीने हे गाणे इम्ब्रुलियाबरोबर केले आणि निर्माता म्हणून त्याला नवे अंग दिले : पुढे अकूस्टिक गिटार, खाली हलका, सारखा चालणारा ठेका आणि जवळून बोलल्यासारखा आवाज. मिक्सिंग नायजेल गॉडरिचचे. त्याच वर्षी आलेल्या रेडिओहेडच्या ‘ओके कम्प्युटर’मुळे त्याचे नाव झाले होते. शब्द तेच, चाल तीच, पण चीड ओसरून तिथे थकवा आला. भाषा न बदलता केलेला हाही एक अनुवादच आहे. ‘नक्कल’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली : ही ‘नक्कल’ करणारा माणूस मूळ रचनाकारांपैकीच एक होता.

साहित्यात याला जुना दाखला आहे. विल्यम बेकफर्डने ‘वाथेक’ ही कादंबरी फ्रेंचमध्ये लिहिली. सॅम्युएल हेन्लीने केलेला इंग्रजी अनुवाद १७८६ मध्ये, लेखकाची इच्छा डावलून, मुळाच्या आधी छापला गेला, तोही अरबीतून आणल्याची बतावणी करून. मग बेकफर्डला आपले फ्रेंच पुस्तक घाईने बाहेर काढावे लागले. ‘टॉर्न’च्या बाबतीत कुणी कुणाला फसवले नाही, पण क्रम तोच. आधी आलेले ते मूळ आणि नंतरचा तो अनुवाद, हे आपण धरून चाललेले असतो. छपाईचा आणि ध्वनिमुद्रणाचा इतिहास तसे वागायला बांधलेला नाही.

आता क्रमांकांकडे. ब्रिटनची यादी तेव्हा फक्त दुकानांतल्या विक्रीवर ठरे; रेडिओवर किती वेळा वाजले याला तिथे किंमत नव्हती. ‘टॉर्न’च्या दहा लाखांहून अधिक प्रती तिथे खपल्या, तरी पहिला क्रमांक मिळाला नाही. वाट अडवली ती अॅक्वाच्या ‘बार्बी गर्ल’ने, ते चार आठवडे शिखरावर होते. अॅक्वामधले तिघे डॅनिश आणि गायिका नॉर्वेजियन! जे गाणे डेन्मार्कमध्ये जन्मले आणि नॉर्वेत वाढले, त्याला लंडनमध्ये रोखणारेही याच दोन देशांचे निघावेत, हा निव्वळ योगायोग. पण असा योगायोग कादंबरीत घातला तर संपादक खोडून टाकेल.

अमेरिकेत गंमत याहून मोठी. तिथल्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत विक्री आणि रेडिओ दोन्ही धरले जात, पण एक अट होती : गाणे सिंगल म्हणून दुकानात विक्रीला असले पाहिजे. त्या काळात कंपन्यांनी एक शक्कल काढली होती. गाजणारे गाणे सुटे विकायचेच नाही. ज्याला हवे त्याने पूर्ण अल्बम घ्यावा. ‘टॉर्न’चे तसेच झाले. १९९८ मध्ये ते रेडिओच्या यादीत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. देशात सर्वाधिक ऐकले जाणारे गाणे, आणि देशाच्या मुख्य यादीत त्याचा पत्ता नाही! त्याआधी नो डाउटचे ‘डोन्ट स्पीक’ रेडिओवर सोळा आठवडे पहिले राहूनही त्या यादीत एकदाही दिसले नव्हते. अखेर ५ डिसेंबर १९९८ च्या यादीपासून अट काढली गेली. तोवर ‘टॉर्न’ची लाट ओसरली होती, यादीत त्याला जागा मिळाली ती ४२ व्या क्रमांकावर. आज कोणी फक्त ती यादी उघडून नव्वदीचा इतिहास लिहू लागला, तर हे गाणे त्याला मध्यम यशाचे वाटेल. त्याच्याजवळचा आकडा खरा असेल आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

कंपनीचा हिशेब मात्र चुकला नाही. ‘लेफ्ट ऑफ द मिडल’ हा इम्ब्रुलियाचा अल्बम अमेरिकेत पहिल्या दहांत गेला. तीन रचनाकारांनाही दरेक आवृत्तीमागे आपला वाटा मिळणारच होता. प्रेवेन आणि कटलर पुढे ‘ड्रीमगर्ल्स’ चित्रपटातल्या ‘लिसन’ या गाण्याचे सहरचनाकार म्हणून ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचले.

अॅलिसन मॅक्लीन हिने दिग्दर्शित केलेली या गाण्याची चित्रफीत पुन्हा पाहावी अशी आहे. एका खोलीत प्रेमिकांचा प्रसंग चालू आहे. मध्येच तो थांबतो, दोघे नट होतात, पुन्हा सुरुवात करतात. शेवटी कामगार येऊन भिंती उचलून नेतात आणि ती खोली म्हणजे स्टुडिओतला देखावा होता हे उघड होते. गाण्यावर ‘अस्सल नाही’ असा आक्षेप घेणाऱ्यांना चित्रफितीने जणू आधीच सांगून ठेवले होते की इथे सगळे रचलेलेच आहे, आणि रडू तरीही खरे आहे.

डेन्मार्कमध्ये ‘ब्रेंट’ आजही लिस सोरेन्सनच्या सर्वांत ओळखीच्या गाण्यांपैकी आहे. १९९७ मध्ये इम्ब्रुलियाचा आवाज तिथल्या रेडिओवर आला, तेव्हा चार वर्षे ते गाणे गुणगुणणाऱ्या अनेकांना वाटले असणार, आपल्या गाण्याचा इंग्रजी अनुवाद झाला वाटते. इतिहासाच्या दृष्टीने ते चूक. त्यांच्या कानांच्या दृष्टीने मात्र बरोबर, कारण त्यांना ते गाणे आधी निल्सन यांच्या शब्दांतच भेटले होते.