साहित्यवर्ष २०२४ : अभिजाततेचा मान आणि वसईची पोकळी

मराठी साहित्याच्या इतिहासात २०२४ हे वर्ष प्रामुख्याने दोन नोंदींसाठी लक्षात राहील. ३ ऑक्टोबर रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याच्या बरोबर दहा आठवडे आधी, २५ जुलै रोजी, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे वसईत निधन झाले. एका घटनेने भाषेच्या प्राचीनतेवर मोहोर उमटवली, तर दुसरीने त्या भाषेचा एक वेगळा, तुलनेने उपेक्षित प्रवाह मुख्य धारेशी जोडणारा दुवा निखळला. या दोन्ही घटना एकत्र पाहिल्याखेरीज या वर्षाचा ताळेबंद पूर्ण होत नाही.

गिरीजचा परिसर

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात गिरीज हे गाव वसले आहे. येथील हिरा डोंगरीवर चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेशी निगडित वज्रगड आणि दत्तमंदिर आहे. त्याच गावात ख्रिस्ती समाजाचे जीवनदर्शन केंद्रही आहे. भोवतालच्या वाड्यांतून सामवेदी (कादोडी) आणि वाडवळी या बोली पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या जातात. सामवेदी ही तर हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांची मायबोली. धर्म वेगळा, पण बोली एक, हे या पट्ट्याचे वैशिष्ट्य होय. याच मातीत, गिरीजपासून फार दूर नसलेल्या नंदाखाल येथे, ४ डिसेंबर १९४२ रोजी दिब्रिटो यांचा जन्म झाला.

'सुवार्ता' ते संमेलनाध्यक्षपद

१९७२ मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेल्या दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ अशी सुमारे चोवीस वर्षे 'सुवार्ता' या मासिकाचे संपादन केले. धर्मवार्तेपुरते मर्यादित राहू शकले असते असे हे नियतकालिक त्यांनी सामाजिक व साहित्यिक प्रश्नांसाठी खुले केले. वसईच्या बागायती, विहिरी आणि पाणथळ जमिनी यांवर बेसुमार बांधकामांचे संकट आले तेव्हा 'हरित वसई संरक्षण समिती'च्या आंदोलनाचे नेतृत्व करण्यासही ते कचरले नाहीत. 'तेजाची पाऊले', 'ओअ‍ॅसिसच्या शोधात', 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' ही त्यांची ग्रंथसंपदा आणि 'नाही मी एकला' हे आत्मकथन वाचकप्रिय ठरले.

त्यांच्या कार्याचा कळस म्हणजे 'सुबोध बायबल'. या ग्रंथासाठी त्यांना साहित्य अकादमीचा २०१३ सालचा अनुवाद पुरस्कार लाभला. त्याचे मोल जाणण्यासाठी परंपरेकडे वळणे आवश्यक आहे. मूळच्या इंग्रज असलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोमंतकातील राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत मुद्रित झाला असला, तरी त्याचा छंद आणि त्याची शब्दकळा अस्सल मराठी होती. पुढे 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी, कवी नारायण वामन टिळक, 'स्मृतिचित्रे'च्या लक्ष्मीबाई टिळक यांनी हा प्रवाह समृद्ध केला. पंडिता रमाबाई यांनी तर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचा मराठी अनुवाद सिद्ध केला. याच मालिकेत दिब्रिटो यांचा अनुवाद येतो. सर्वधर्मीय मराठी वाचकाला तो आपला वाटावा, ही त्यामागील दृष्टी होती.

उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे १० ते १२ जानेवारी २०२० दरम्यान भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या पदावर आलेले ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला काही मंडळींनी धर्माच्या मुद्द्यावर विरोध केला होता. तथापि संमेलन पार पडले आणि प्रकृतीची साथ नसतानाही अध्यक्षांनी आपली भूमिका निर्भयपणे मांडली. त्या संमेलनाचे उद्घाटक ना. धों. महानोर ऑगस्ट २०२३ मध्ये निवर्तले. जेमतेम वर्षभरात अध्यक्षही गेले. निधनसमयी दिब्रिटो ८१ वर्षांचे होते.

संमेलने आणि पुरस्कार

वर्षाचा आरंभ अमळनेरच्या संमेलनाने झाला. साने गुरुजींच्या या कर्मभूमीत २ ते ४ फेब्रुवारी दरम्यान ९७ वे संमेलन कादंबरीकार डॉ. रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. १९५२ नंतर अमळनेरला हा मान पुन्हा मिळाला. दिल्लीत फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या ९८ व्या संमेलनासाठी लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर यांची निवड ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. संमेलनाच्या इतिहासातील त्या सहाव्या महिला अध्यक्ष ठरल्या.

साहित्य अकादमीचा २०२३ सालचा मराठी पुरस्कार मिळालेल्या कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीचा गौरव मार्च २०२४ मध्ये दिल्लीत झाला. धरणामुळे उठलेल्या गावाची आणि मागे राहिलेल्या जनावरांची ती कथा आहे. २०२४ चा युवा पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला लाभला. तयार कपड्यांच्या लाटेत शिलाईचा व्यवसाय कसा उसवत जातो, हे सौदागर यांनी स्वतः शिवणकाम करतानाच्या अनुभवातून लिहिले. बालसाहित्य पुरस्कार भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या पुस्तकाला मिळाला, तर डिसेंबरमध्ये जाहीर झालेला मुख्य पुरस्कार ज्येष्ठ समीक्षक डॉ. सुधीर रसाळ यांच्या 'विंदांचे गद्यरूप' या समीक्षाग्रंथास प्राप्त झाला.

मराठीच्या सीमेपलीकडे

याच वर्षी १५ मे रोजी मालती जोशी यांचे निधन झाले. औरंगाबादमध्ये मराठी कुटुंबात जन्मलेल्या या लेखिकेने प्रामुख्याने हिंदीत कथालेखन केले. मध्यमवर्गीय घरातील स्त्रीचे सुखदुःख हा त्यांच्या कथेचा विषय. कॅनडातील एका लहानशा प्रदेशाला जागतिक कथेत अढळ स्थान मिळवून देणाऱ्या अ‍ॅलिस मन्‍रो त्याआधी दोनच दिवस, १३ मे रोजी, निवर्तल्या. दक्षिण कोरियाच्या हान कांग यांना १० ऑक्टोबर रोजी साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला होत. वर्षअखेरीस, २५ डिसेंबर रोजी, मल्याळम साहित्यातील दिग्गज एम. टी. वासुदेवन नायर यांनी जगाचा निरोप घेतला.

दर्जा आणि दायित्व

अभिजात दर्जासाठी राज्य शासनाने २०१२ मध्ये प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. नाणेघाटातील शिलालेख, हालाची 'गाथासप्तशती' असे प्राचीनत्वाचे पुरावे अभ्यासकांनी मांडले. तमिळ भाषेला २००४ मध्येच हा दर्जा मिळाला होता. मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांचाही समावेश झाल्याने अभिजात भाषांची संख्या अकरा झाली. या कार्यात मोलाचा वाटा उचलणारे प्रा. हरी नरके मात्र २०२३ मध्येच कालवश झाले होते. आपल्या श्रमांचे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

दर्जा प्राचीनतेवर मिळतो, पण भाषा टिकते ती तिच्या विस्तारावर. वर्षाच्या पुरस्कारांवर नजर टाकली तर हेच दिसते. धरणाखाली गेलेले गाव, तुळजापुरातील शिवणयंत्र आणि वसईतील प्रार्थना या साऱ्यांना मराठीने शब्द दिले, म्हणून ती समृद्ध झाली. गिरीजच्या परिसरात आज वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत आणि नव्या पिढीच्या तोंडून सामवेदी व वाडवळी ओसरत आहेत. शिलालेखांचे जतन शासन करू शकेल. बोलींचे जतन घराघरांतच व्हावे लागेल. त्या बोलींतील म्हणी, लग्नगीते आणि शेती-बागायतीचे शब्द नोंदवून ठेवणे हे अभिजात मराठीचेच काम आहे. दिब्रिटो यांच्या पश्चात वसईतील लिहित्या हातांवर ही जबाबदारी आली आहे आणि ती पार पडली, तरच २०२४ चा मान सार्थ ठरेल.