लाइट गेली तरी नेट चालू हवं? नेटवर्कसाठी डीसी बॅटरी बॅकअप कसा निवडायचा?

लाइट जाते, घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालू असतो, तरीही नेट बंद! असं का होतं? कारण वाटेतल्या एखाद्या जिन्यातल्या पेटीतला स्विच किंवा गच्चीवरचा रेडिओ बंद पडलेला असतो. तिथे बॅटरी असतेही, पण ती कधीच खराब झालेली असते आणि हे कुणालाच माहीत नसतं.

जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीतल्या अनेक गावांत वीज आणि मोबाइल नेटवर्क दोन्ही गेलं होतं. अशा वेळी बॅकअप ही चैन राहत नाही. तुमच्या सोसायटीसाठी, शाळेसाठी किंवा गावातल्या छोट्या नेटवर्कसाठी तो घ्यायचा असेल, तर पुढच्या गोष्टी तपासा.

डीसीच का?

राउटर, स्विच, कॅमेरा ही सगळी उपकरणं आतून डीसीवरच चालतात. बॅटरीही डीसीच देते. नेहमीचा यूपीएस मात्र बॅटरीच्या डीसीचं 230 व्होल्ट एसी करतो आणि मग ॲडाप्टर त्याचं पुन्हा डीसी करतो. दोन्ही वेळा वीज वाया जाते. डीसी यूपीएस हा हेलपाटा टाळतो, म्हणून तेवढ्याच बॅटरीवर नेट जास्त वेळ चालतं.

12 व्होल्ट की 48 व्होल्ट?

सगळी उपकरणं एकाच पेटीत असतील तर 12 व्होल्ट पुरतात. पण वायर लांब न्यायची असेल, उदाहरणार्थ टॉवरवर, तर 48 व्होल्ट बरे. तेवढ्याच वॅटसाठी करंट एक चतुर्थांश लागतो आणि त्याच वायरमधलं नुकसान 16 पटींनी कमी होतं.

दोन गोष्टी विसरू नका. एक, ‘12 व्होल्ट’ची बॅटरी प्रत्यक्षात साधारण 11 ते 14.5 व्होल्टच्या दरम्यान फिरते, त्यामुळे आउटपुट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर हवा. दोन, टेलिकॉमच्या ‘उणे 48’ व्यवस्थेत पॉझिटिव्ह बाजू अर्थ केलेली असते. साधं 48 व्होल्टचं उपकरण डोळे झाकून तिथे जोडू नका.

बॅटरी किती मोठी घ्यायची?

समजा, सगळ्या उपकरणांचा मिळून लोड 40 वॅट आहे आणि 6 तास बॅकअप हवा आहे. म्हणजे 240 वॅट-तास. कन्व्हर्टरमधलं 10 टक्के नुकसान धरलं तर साधारण 267.

- लेड-ॲसिड: जास्त टिकवायची तर निम्मीच वापरायची. म्हणजे 533 वॅट-तास. वय झाल्यावर क्षमता 80 टक्क्यांवर येईल हे धरलं तर 667, म्हणजे 12 व्होल्टची सुमारे 56 एएच. बाजारातली 65 एएच घ्या.
- लिथियम आयर्न फॉस्फेट: 80 टक्के वापरता येते. त्याच हिशोबाने 417 वॅट-तास, म्हणजे 12.8 व्होल्टची सुमारे 33 एएच. 40 एएच घेतली की निश्चिंत.

लिथियम महाग पडते, पण वजनाला हलकी असते आणि चार्जिंगची आवर्तनं कितीतरी जास्त झेलते. लेड-ॲसिडला उष्णता सोसत नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत ती ठेवताना हे लक्षात असू द्या.

चार्जरही पुरेसा हवा. तो लोड चालवेल आणि पुढची लाइट जायच्या आत बॅटरीही भरेल, असा.

दूरवरून काय दिसायला हवं?

खरा फरक इथे पडतो. पेटी डोंगरावर असेल तर प्रत्येक तक्रारीला माणूस पाठवणं परवडत नाही. म्हणून निदान एवढं तरी मोबाइलवर दिसलं पाहिजे:

- मेन लाइट आहे की गेली
- बॅटरीचा व्होल्टेज, तसंच आत-बाहेर जाणारा करंट
- पेटीतलं तापमान
- प्रत्येक आउटपुट वेगळं बंद-चालू करायची सोय (अडकलेला राउटर रीस्टार्ट करायला)

लिथियमच्या बाबतीत फक्त व्होल्टेजवर भरवसा ठेवू नका. तिचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास सारखाच राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे करंट मोजून शिल्लक चार्ज सांगणारा मॉनिटर हवा.

लाइट गेल्याचा अलर्ट लगेच यावा आणि बॅटरी संपत आल्याचा वेगळा यावा. पण अलर्ट जायची वाट त्याच नेटवर्कमधून असेल तर नेट पडल्यावर अलर्टही अडकतो. महत्त्वाच्या ठिकाणी सिमकार्डची वेगळी सोय ठेवा.

सुरक्षेचं काय?

मॉनिटरिंगचं पान थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका आणि कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. नाहीतर कुणीही लांबून तुमचं अख्खं नेटवर्क बंद करू शकेल. एसएनएमपी वापरणार असाल तर आवृत्ती 3 घ्या, कारण 1 आणि 2सी मध्ये पासवर्डसारखी माहिती उघडीच जाते.

फ्यूज आणि एमसीबी डीसीसाठीचेच घ्या. एसीचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीमध्ये तसं होत नाही आणि आग लागण्याचा धोका वाढतो. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की लोड आपोआप तोडणारी सोयही असावी.

घेतल्यावर एक काम नक्की करा

दर तीन-चार महिन्यांनी मुद्दाम मेन बंद करा आणि नेट किती वेळ टिकतं ते मोजून लिहून ठेवा. 6 तासांचे 4 झाले की बॅटरी बदलायची वेळ आली. हे सुट्टीच्या सकाळी कळलेलं बरं, वादळाच्या रात्री नको!