मुहतसिब : बाजारातला न्याय

पालकहो, लिटरभर दुधात पाणी निघाले म्हणून आपल्यापैकी कोणी कोर्टाची पायरी चढेल काय? दिवसाची मजुरी बुडवून दहा रुपयांचा न्याय कोणाला परवडतो? लबाड दुकानदाराचा भरवसा नेमका यावरच असतो. या जुन्या दुखण्यावरचा एक जुना इलाज इस्लामी इतिहासात सापडतो.

अब्बासी खिलाफतीच्या काळात शहरोशहरी 'मुहतसिब' नावाचा अधिकारी असे. काझीचे काम फिर्यादी आल्यावर सुरू होई. मुहतसिब मात्र कोणी तक्रार करो वा न करो, स्वतः बाजारात हिंडे. बाराव्या शतकात सीरियातील अल्-शैझरी याने या अधिकाऱ्यांसाठी एक ग्रंथ लिहिला. तो वाचताना मोठी मौज वाटते. वजने लोखंडाची व शिक्का मारलेली असावीत. दगड एकमेकांवर आपटून झिजतात. (आमच्या आठवडे बाजारात मी लहानपणी दगडांनीच भाजी जोखलेली पाहिली आहे!) दुधात केस बुडवावा, त्याला दूध चिकटले नाही तर पाणी मिसळले आहे असे समजावे.

विद्यार्थी मित्रांनो, खरे महत्त्व आहे ते त्याच्या अधिकाराच्या मर्यादेला. बगदादचे न्यायशास्त्रज्ञ अल्-मावर्दी (मृत्यू इ. स. १०५८) यांच्या मते वजनमापातील खोट, मालातील फसवणूक आणि ऐपत असून थकवलेले देणे, एवढ्या तक्रारी मुहतसिबाने ऐकाव्यात, त्याही समोरचा कबूल असेल तरच. तो नाकबूल झाला, साक्षीपुराव्याची वेळ आली, की प्रकरण काझीकडे.

आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक मंच आले. २०१९ च्या कायद्याने ग्राहक आयोगांना मध्यस्थी कक्षांची जोड दिली : तडजोडीची शक्यता दिसली व दोन्ही पक्ष राजी असले तर प्रकरण मध्यस्थाकडे जाते. त्याआधीही १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवता येते; ती व्यापाऱ्याकडे पाठवली जाते. पण मध्यस्थ निकाल देत नाही. बोलणी फिसकटली की प्रकरण पुन्हा आयोगापुढे, आणि तेथे पुरावा लागतो. मर्यादा जवळपास तीच!

हे सांगणारा मी स्वतः एकदा फसलो आहे. 'बिल नको असेल तर दोनशे रुपये कमी' असे म्हणताच मी खुशीने मिक्सर उचलला. आठवड्यात तो जळाला. घेऊन गेलो तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "मास्तर, हा आमच्याकडचा नाही." मिक्सर अजून माळ्यावर आहे.