‘फोटो खोटं बोलत नाही’ हे कितपत खरं? ‘मायग्रंट मदर’ काय सांगते?

काळजीने ओढलेला चेहरा, गालाला टेकलेला हात, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवून उभी असलेली दोन मुलं आणि मांडीवर तान्हं बाळ. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये काढलेला हा फोटो ‘मायग्रंट मदर’ म्हणजेच ‘स्थलांतरित आई’ या नावाने ओळखला जातो. जागतिक महामंदीतल्या गरिबीचा तो चेहराच बनला.

हा फोटो पाहून आपल्याला बरंच काही ‘कळतं’. पण त्यातलं प्रत्यक्ष फोटोत किती असतं आणि आपण मनाने किती भरतो? फोटोकडे भाषा म्हणून पाहणाऱ्या विचारवंतांना हाच प्रश्न पडला.

फोटोचं व्याकरण कसं असतं?

बोलताना आपण शब्द निवडतो, तसं छायाचित्रकार चौकट, अंतर, कोन, प्रकाश आणि क्षण निवडतो. लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर या कुटुंबाचे अनेक फोटो काढले. लांबून काढलेल्या फोटोंत तंबू, सामान आणि मोठी मुलगीही दिसते. प्रसिद्ध झालेल्या फोटोत कॅमेरा अगदी जवळ आहे, तंबू जेमतेम जाणवतो आणि मुलांचे चेहरे दिसत नाहीत. त्यामुळे आपली नजर आईच्या चेहऱ्यावरच थांबते. कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसत होता, तोही नंतर पुसण्यात आला.

तत्त्वज्ञ काय म्हणतात?

अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. साम्य दाखवणारी चिन्हं, उदाहरणार्थ चित्र. कारणाचा माग देणाऱ्या खुणा, जसा ओल्या मातीतला पावलाचा ठसा. आणि लोकांनी ठरवलेले संकेत, जसे शब्द. फोटो वस्तूसारखा दिसतो आणि त्या वस्तूवरून आलेल्या प्रकाशाचा ठसाही असतो. म्हणूनच चित्रापेक्षा फोटोवर आपला विश्वास चटकन बसतो.

फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी १९८० च्या ‘कॅमेरा ल्युसिडा’ या पुस्तकात याच विश्वासाचा शोध घेतला. त्यांच्या मते फोटो एक गोष्ट ठामपणे सांगतो: समोर जे दिसतंय, ते कधीतरी कॅमेऱ्यासमोर होतं. मात्र फोटोला चिकटणारे इतर अर्थ संस्कृतीतून येतात, हेही त्यांनी आधीच्या लेखनात दाखवलं होतं. मेरी आणि बाळ येशूची चित्रं पाहत मोठ्या झालेल्यांना ‘मायग्रंट मदर’मध्ये तीच माता दिसू शकते.

फोटोने काय सांगितलं नाही?

लँग यांनी त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. गाडीचे टायर विकून या कुटुंबाने अन्न घेतलं, असं त्यांनी पुढे लिहिलं. कुटुंबाने मात्र ते नाकारलं. त्यांच्या म्हणण्यानुसार गाडी बिघडल्यामुळे ते तिथे थांबले होते.

फोटो वर्तमानपत्रात आल्यावर तळावर सरकारी मदतीचं अन्न पोहोचलं, पण तोपर्यंत हे कुटुंब पुढे निघून गेलं होतं. १९७८ मध्ये त्या बाईचं नाव जगासमोर आलं: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. त्या मूळच्या ओक्लाहोमाच्या, चेरोकी या आदिवासी समाजातल्या. कित्येक प्रेक्षक मात्र त्यांना गोऱ्या शेतकरी कुटुंबातली आई समजत आले होते. फोटो सरकारी असल्याने त्यांना त्याचा मोबदलाही मिळाला नाही आणि ही खंत त्यांनी बोलून दाखवली.

फोटो काढणं म्हणजे समोरच्यावर एक प्रकारे ताबा मिळवणं, असं सुसान सोंटाग यांनी १९७७ मध्ये ‘ऑन फोटोग्राफी’ या पुस्तकात म्हटलं होतं. थॉम्पसन यांचा अनुभव त्याच्या फार जवळ जातो.

मग फोटो वाचायचा कसा?

व्हॉट्सॲपवर येणारा जुना फोटो खरा असतो, पण त्याखालची ओळ खोटी असू शकते. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात: कॅमेऱ्यासमोर नक्की काय होतं, चौकटीबाहेर काय राहिलं आणि खालची ओळ कोणी लिहिली. पहिल्या प्रश्नाचं काही उत्तर फोटो देतो. उरलेल्या दोन्हींची उत्तरं फोटोबाहेर शोधावी लागतात. थॉम्पसन यांच्या बाबतीत ती मिळायला ४२ वर्षं गेली.