मधपेट्यांसोबत फिरणारे परजीवी : ओळख, तपासणी आणि अटकाव

माळव्यातलं टोंकखुर्द (जि. देवास) म्हणजे काळ्या मातीचा पट्टा. पावसाळ्यात सोयाबीन, रब्बीत गहू-हरभरा, कुठे मोहरी, कुठे धणे. एका भागातला फुलोरा संपला की मेलिफेरा (इटालियन) माशांच्या पेट्या ट्रकवर चढतात आणि दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात उतरतात. माशांसोबत परजीवीही फुकटात प्रवास करतात. त्यामुळे एका मधपाळाचं दुर्लक्ष दहा जणांना भोवतं.

शत्रू कोण?

व्हॅरोआ हा लालसर-तपकिरी, चपटा, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा कोळी. अळीचं घर मेणाने बंद होण्याच्या जरा आधी मादी आत शिरते आणि तिथेच अंडी घालते. हा कोळी मुख्यतः माशीच्या शरीरातल्या चरबीवर जगतो, असं २०१९ च्या संशोधनात दिसलं. पंख वाकडे करणारा विषाणूही तोच पसरवतो.

सातेरी माशी या कोळ्याची जुनी यजमान. ती अंग साफ करते, शिवाय तिच्यात कोळी बहुतेक नर माशांच्या घरांतच वाढतो, म्हणून ती तग धरते. मेलिफेराला ही सवय नाही.

दुसरा ट्रोपिलेलॅप्स. हा आणखी लहान, लांबट आणि पोळ्यावर भराभर धावणारा. त्याचं मूळ घर आग्या माशीचं पोळं. म्हणून आग्याच्या पोळ्यांजवळ पेट्या ठेवू नका. पण त्यासाठी आग्याची पोळी जाळू नका. शेतातलं परागीभवन तीही करते.

आधी मोजा

जाळीचं झाकण असलेल्या बरणीत अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माशा घ्या. राणी त्यात नाही ना, हे आधी बघा. दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हळूहळू फिरवा, मिनिटभर थांबा आणि पांढऱ्या ताटात साखर झाडा. सुटलेले कोळी ताटात दिसतात, माशा जिवंत राहतात. शंभर माशांमागे ३ कोळी निघाले तर उपचार टाळू नका. ट्रोपिलेलॅप्स मोठ्या माशीवर फारसा राहत नाही, त्यामुळे बंद घरं उघडून अळ्या-कोषही तपासा.

उपाय

- नर माशांची बंद घरं कापून काढा. व्हॅरोआ तिथे जास्त असतो.
- राणीला तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवा. नवी अंडी थांबतात आणि जुनी पिलावळ बाहेर पडते. ट्रोपिलेलॅप्स पिलावळीशिवाय काही दिवसच जगतो.
- फॉर्मिक ॲसिडची वाफ बंद घरांतही पोचते, पण कडक उन्हात ती माशांनाच मारते. ऑक्झॅलिक ॲसिड बंद घरांत पोचत नाही, म्हणून ते पिलावळ नसताना वापरा. मात्रा तज्ज्ञाला विचारूनच ठरवा. दोन्ही हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.
- मध काढायच्या चौकटी पेटीत असताना औषध नको. पिकावरची कीटकनाशकं तर कधीच नाही.

पेटी हलवताना

ट्रक भरण्याआधी आणि नव्या जागी उतरल्यावर तपासणी करा. विकत आणलेल्या पेट्या काही आठवडे वेगळ्या ठेवा. कमजोर पेटीच्या चौकटी चांगल्या पेटीत घालू नका. कमजोर पेटीचा दरवाजा लहान करा, नाहीतर शेजारच्या माशा तिथला मध लुटतात आणि कोळी घरी नेतात.

मार्गदर्शनासाठी देवासचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही आहे. शेजारच्या मधपाळांशी बोलून सगळ्यांनी एकाच आठवड्यात उपचार केले, तर कोळी एका पेटीतून हटून दुसरीत जात नाही. एकट्याची पेटी साफ राहून भागत नाही.