कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा, मध्यकर्णातील
मध्यकर्ण व त्यामागील मॅस्टॉइड हाडाच्या पोकळ्यांत होणारी, कर्करोग नसलेली दाहजन्य गाठ. या पोकळ्यांचे वायुवीजन बंद पडले की आत रक्तस्राव होतो. तांबड्या रक्तपेशी फुटून कोलेस्टेरॉलचे स्फटिक साचतात आणि त्यांच्याभोवती महाकाय पेशींचा दाह सुरू होतो. रक्ततपासणीतील वाढलेल्या कोलेस्टेरॉलशी याचा संबंध नाही.

ऐकू कमी येणे, कान भरल्यासारखा वाटणे ही नेहमीची लक्षणे. कर्णपटल निळसर दिसते. पण ग्लोमस अर्बुद किंवा वर सरकलेली गळ्याची नीलाही तसाच भास निर्माण करते, आणि त्यांना टोचल्यास भळाभळा रक्त येते. म्हणून सुई लावण्यापूर्वी प्रतिमाचित्रण हवेच. सीटी स्कॅनमध्ये हाडाची झीज कळते, गाठीचा प्रकार मात्र सहसा ठरत नाही. एमआरआयच्या टी१ व टी२ या दोन्ही चित्रांत ही गाठ उजळ दिसते. नामसाधर्म्यामुळे घोटाळा होणारा कोलेस्टिॲटोमा टी१ मध्ये उजळत नाही.

पडद्यात ग्रोमेट नळी बसवून भागले तर उत्तम, परंतु आतला द्रव तपकिरी व दाट असल्याने ती अनेकदा अपुरी पडते. मग मॅस्टॉइड शस्त्रक्रियेने गाठ काढून हवेचा मार्ग मोकळा करतात. तो पुन्हा बुजल्यास रोग उलटतो.